आठ नंबरचे बूट

३ मार्च

श्री. निवृत्त पाहणी अधिकारी,
बालसंगोपन भत्ता विभाग, यांस

चार वर्षांपूर्वी सगळ्या नातेवाइकांसमोर तुम्ही म्हणाला होतात, ‘आता तू माझ्या खात्याची केस झालीस.’ त्याच नात्याने लिहिते आहे. दुसरं कुठलंही नातं मध्ये न आणता उत्तर द्यावं, ही विनंती.

वस्तुस्थिती अशी. मी लिफ्टची तंत्रज्ञ आहे. इथल्या मोठ्या रुग्णालयाच्या लिफ्टची देखभाल आमच्या कंपनीकडे आहे आणि ती मी व एक वरिष्ठ मेकॅनिक मिळून करतो. माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिला मी मुंगी म्हणते. घरात तिसरं कुणी नाही. एकल पालक म्हणून मला पूर्ण भत्ता मिळतो, आणि त्याच आधारावर मुंगीला सरकारी पाळणाघरात सकाळी साडेसहाची जागा आहे. आईबाप दोघं असलेली मुलं नऊला येतात. माझी पाळी सातला सुरू होते. शस्त्रक्रिया सुरू व्हायच्या आत लिफ्टची तपासणी उरकावी लागते, त्यामुळे ही वेळ बदलून मिळत नाही. म्हणजे पाळणाघराची जागा गेली की नोकरी गेली.

फेब्रुवारीत तुमच्या विभागाकडे तक्रार गेली. तक्रारदाराचं नाव गुप्त आहे, मजकूर मला मिळाला. या घरातून रोज सकाळी एक पुरुष बाहेर पडतो, अंगात निळा बॉयलर सूट, डोक्यावर हेल्मेट, कडेवर मुलगी. ‘मुलीला त्याचा चांगलाच लळा आहे, त्याअर्थी तो बापच असावा.’

पुढच्याच रविवारी पाहणी अधिकारी आले. दाराशी आठ नंबरचे पुरुषी सेफ्टी शूज होते. दोरीवर दोन बॉयलर सूट वाळत होते. मी म्हटलं, हे माझे. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं (मी सहा नंबर घालते), हसले आणि लिहून घेतलं. घरात अन्य प्रौढ पुरुष राहतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

आमच्या स्टोअरमध्ये बायकांच्या मापाचे बूट येतच नाहीत. पुरुषांचे सातचे संपले होते, म्हणून मला आठचे मिळाले. तसं पत्र मी कंपनीकडे मागितलं. पत्रात आलं ते एवढंच: ‘सुरक्षा बूट, पुरुष, आठ नंबर, एक जोड दिला.’ विभागाने ते माझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून जोडून घेतलं.

शेजाऱ्यांनी मला ओळखलं कसं नाही, हा प्रश्न रास्त आहे. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि जिन्यातला दिवा बंद असतो. सकाळी कंपनीची कपडे बदलायची खोली उघडलेली नसते, म्हणून मी घरूनच कामाच्या कपड्यांत निघते. एका हातात मुंगी, दुसऱ्या हातात हत्यारांची पिशवी, मग हेल्मेट डोक्यावरच ठेवावं लागतं. संध्याकाळी कामावरच अंघोळ करून साध्या कपड्यांत येते. तेव्हा बघणाऱ्याला सकाळी पुरुष जाताना दिसतो आणि संध्याकाळी बाई येताना दिसते.

थोडक्यात, ज्या पुरुषाला मी लपवून ठेवलंय असा आरोप आहे, तो पुरुष मी आहे. हे सिद्ध कसं करतात ते मला माहीत नाही.

भत्ता थांबवला आहे. पाळणाघराची जागा सुनावणीपर्यंत ठेवली आहे. सुनावणी ११ एप्रिलला.

तुम्ही आयुष्यभर अशा पाहण्या केल्यात. दाराशी काय बघायचात? काय दिसलं की लिहायचात, आणि काय दिसूनही सोडून द्यायचात? सुनावणीला बसलेली माणसं कशावरून ठरवतात?

उत्तर टपालाने पाठवावं. फोन करू नये.

तुमच्या खात्याची एक केस


१६ मार्च

उत्तर मिळालं. मायना नाही, सही नाही, मुद्द्यांना क्रमांक. अशी उत्तरं मला वाचायला सोपी जातात. ‘र’चा पाय अजून ओळीखाली जातो तुमचा.

दाराशी चपला-बूट, दोरीवरचे कपडे, न्हाणीघरात दाढीचं सामान, ओट्यावर उपडी घातलेली ताटं. समजलं. पाचवा मुद्दा मी परत वाचला. ‘बूट दिसले तर उलटून तळ बघावा. माणूस बोलेल ते बोलेल, तळ चालीप्रमाणे झिजतो. बहुतेक अधिकारी वाकायचा कंटाळा करतात.’

मी माझे बूट उलटले. दोन्ही टाचा बाहेरच्या कडेला झिजल्या आहेत. लहानपणी तुम्ही मला बदक म्हणायचात. पाहणीला तुम्ही आला असतात तर वाकला असतात, आणि माणूस ओळखला असतात. हे निव्वळ तांत्रिक अर्थाने लिहिते आहे.

कामावर बातमी पसरली. आमच्या वरिष्ठ मेकॅनिकना सगळे उस्ताद म्हणतात. लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना ते म्हणाले, त्या नवऱ्यालाही उद्यापासून आण, माणसं कमी पडताहेत. ही त्यांची सहानुभूती. स्टोअरकीपरने मात्र मनातलं बोलून घेतलं. त्याला दोन मुलं, बायको आहे, भत्ता अर्धा. तो म्हणाला, ‘लग्न टिकवून आम्ही काय गुन्हा केला ते तरी सांगा.’ उस्ताद म्हणाले, ‘बायको दोन दिवस बाहेरगावी गेली की तू आमच्या डब्यात हात घालत फिरतोस. तुला तर दीडपट मिळायला हवा.’ सगळे हसले. मी हसले नाही, कारण त्याचा प्रश्न मला पूर्ण चुकीचा वाटला नाही. दोन मुलं सांभाळायला दोघांनाही वेळ लागतोच. पण आठ नंबरचे बूट त्यानेच मला दिले होते, आणि विभागापुढे येऊन तसं सांग म्हटल्यावर त्याने मान फिरवली, हेही इथे नमूद करते.

आमच्या खालच्या मजल्यावर डिसेंबरात एक बाई राहायला आल्या आहेत, दोन मुलांसह. त्यांचे यजमान मालवाहू जहाजावर असतात, म्हणून इमारतीत त्यांना जहाजवाली म्हणतात. परवा मी जिना चढत असताना त्या दुसऱ्या कुणाला तरी, पण माझ्या कानावर पडेल अशा बेताने म्हणाल्या, ‘काही जणींचं बरं असतं. नवरा सोडायचा, की सरकार येतं संसाराला.’

मुंगीने विचारलं, सरकार म्हणजे कोण? मी सांगितलं, तुझ्या पाळणाघराच्या दाराची किल्ली ज्याच्याकडे आहे तो.

तुमच्या सातव्या मुद्द्याखाली क्रमांक नसलेली एक ओळ आहे. ‘हे सगळं ओढवून घेण्याची गरज होती का?’ तिचं उत्तर या पत्रात देत नाही.


२८ मार्च

बाबा,

ती ओळ बारा दिवस टेबलावर पडून आहे. आता उत्तर देते.

आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते. तुमच्या कार्यालयातले दोघं भेटायला आले, ते तुमच्या भत्त्याचा मंजूर कागद घेऊनच. तुम्हाला अर्जसुद्धा करावा लागला नाही. पुढे आत्या तीन वर्षं आपल्याकडे राहिली. तीही प्रौढ होती, कमावती होती, आपल्याच ओट्यावर तिचं ताट उपडं असायचं. तिच्या चपला दाराशी होत्या. त्या कुणी उलटून बघितल्या नाहीत.

बघायला हव्या होत्या, असं मी म्हणत नाही. तो भत्ता आपल्याला लागत होता. मला फक्त मोजमाप सारखं हवं आहे.

तुम्ही रोज सकाळी माझ्या दोन वेण्या घालायचात. भांग वाकडा यायचा, पण वेण्या इतक्या घट्ट असायच्या की संध्याकाळपर्यंत हलायच्या नाहीत. मी शाळेला निघाले की अख्खी गल्ली दारात. ‘बाई करणार नाही एवढं करतो हो बिचारा.’ कौतुक ऐकत मी मोठी झाले आणि मलाही ते खरं वाटायचं. आजही वाटतं. तुम्ही केलंत ते थोडं नव्हतं.

मी मुंगीच्या वेण्या घालते तेव्हा गल्लीतल्या कुणाला त्या दिसत नाहीत. तेवढ्याच केसांच्या, तेवढ्याच घट्ट. तुमच्याकडे बघून लोकांना कीव आली. माझ्याकडे बघून हिशेब आठवतो. आणि तुम्ही, ज्यांनी दोन्ही बाजू बघितल्या, तेही लोकांच्याच रांगेत जाऊन उभे राहिलात.

गरज होती का, असं तुम्ही विचारता. मी सासरहून निघाले तेव्हा मुंगी सहा आठवड्यांची होती. खोलीच्या दाराला मी आतून कडी बसवली होती, चांगल्या पोलादाची. ती दोनदा मुळासकट उपटून निघाली. मी दोनदा नवी बसवली. तिसऱ्यांदा निघाली तेव्हा बसवली नाही, पिशवी भरली. ती कडी कुणी उपटली, असं त्या दिवशी तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं. तुम्ही केस म्हणालात.

या पत्राला उत्तर आलं नाही तरी चालेल. पहिल्या पत्राचं आलं आहे, ते उपयोगी पडेल.


८ एप्रिल

बाबा,

तुमचं कार्ड आज आलं. एकच ओळ. ‘सुनावणीला कामावरून थेट जा, कपडे बदलू नकोस.’

आधी मला वाटलं, घाईत लिहिलंय. इथे सगळ्यांनी मला उलट सांगितलं आहे. पाळणाघरातल्या ताई म्हणाल्या, साधी दिसली पाहिजेस, दुःखी दिसलीस तर उत्तम. उस्तादांनी स्वतःच्या बायकोचा करडा ड्रेस धुऊन, इस्त्री करून आणून दिला. पूर्ण बाह्यांचा, गळ्यापर्यंत बटणं. तो घालून मी आरशासमोर उभी राहिले, तर कुणाच्या तरी अंत्ययात्रेला निघाल्यासारखी दिसत होते. मुंगी म्हणाली, ‘आई, तू बाई झालीस.’

समजल्याशिवाय सूचना पाळायची नाही, ही सवय तुमचीच. म्हणून कार्ड घेऊन तक्रारीचा मजकूर परत वाचायला बसले. निळा बॉयलर सूट. हेल्मेट. कडेवर मुलगी. मग समजलं.

ड्रेस उस्तादांना परत केला. ते म्हणाले, हरलीस तर मला सांगू नकोस, बायकोला सांग.

या कार्डात तुम्ही ‘नकोस’ लिहिलंत. मागच्या पत्रात मुद्दे होते, त्यात ‘बघावा’ होतं. माझ्या लक्षात आलं, एवढंच.


११ एप्रिल

बाबा,

निकाल आधी. भत्ता पूर्ववत, थांबवला त्या दिवसापासून. साडेसहाची जागा कायम. तक्रार निकालात काढली. आता क्रमाने.

पाळी संपवून तशीच निघाले. हातांचं ग्रीस पुसलं, बाकी काही केलं नाही. मुंगीला पाळणाघरातून घेतलं, कारण वर्णनात ती होती. विभागाच्या इमारतीत शिरताना हेल्मेट घातलं. दारावरचा पहारेकरी वर न बघता म्हणाला, ‘दादा, लिफ्टचं काम मागच्या दाराने.’ तेव्हाच मला वाटलं की आपण जिंकणार.

वर दालनाबाहेर बाकावर पाहणी अधिकारी बसले होते आणि त्यांच्या शेजारी जहाजवाली. तक्रार तिची होती. मला अंदाज होता, पण अंदाज मी लिहीत नाही. ती जिन्यातल्या अंधारात बघते तशीच डोळे बारीक करून बघत राहिली आणि अधिकाऱ्यांच्या कानाशी लागली. ‘हाच तो. मुलगी बघा कडेवर.’ मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, मला स्वच्छ ऐकू आलं. अधिकारी उठले, टाय सारखा केला आणि माझ्या आधी आत गेले. ते आत काय म्हणाले तेही दार उघडं असल्याने ऐकू आलं. प्रकरण लांबणार नाही, संबंधित पुरुष स्वतःच हजर झाला आहे.

तिघं बसले होते. मध्ये एक वयस्क अध्यक्षबाई, चष्मा नाकाच्या टोकावर. दोन्ही बाजूंना दोन सदस्य. मी आत गेले. अध्यक्षबाईंनी कागदावरून मान न उचलता विचारलं, ‘तुम्ही या घरात राहता?’

मी हेल्मेट काढलं. ‘हो. भाडं मीच भरते.’

वेणी खाली आली, तीही ग्रीस लागलेली. डावीकडचे सदस्य आधी खोकले आणि मग खोकला हसण्यात गेला. दारातून जहाजवालीचा आवाज आला, ‘अगं बाई.’ अधिकारी बसायला गेले तर खुर्ची मागे नव्हती, पण ते सावरले. मुंगीने मोठ्या माणसांच्या खोलीत बोलायचं नसतं म्हणून तोंडावर हात ठेवला होता.

अधिकारी वाटले त्यापेक्षा चिवट निघाले. त्यांचं म्हणणं, कपडे कुणाचेही घालून येता येतात. अध्यक्षबाई म्हणाल्या, मुद्दा बरोबर आहे. मलाही तो बरोबर वाटला. मी त्यांच्या जागी असते तर तोच मांडला असता. मग मी तुमचा प्रश्न विचारला. ‘तुम्ही बूट उलटून बघितले होते का?’

ते म्हणाले, त्याची आवश्यकता नव्हती. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाल्या, काढा. शिपायाने टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि मी बूट पालथे ठेवले. मोज्यांवर मला खिडकीपर्यंत चालायला आणि परत यायला सांगितलं. तिघांनी वाकून आधी माझे पाय आणि मग टाचा बघितल्या. उजवीकडचे सदस्य म्हणाले, बाहेरच्या कडेवर जोर देतात. लेखनिकाने ते लिहून घेतलं. तुम्ही मला बदक म्हणायचात ते आज अधिकृत नोंदीत गेलं.

नंतर अध्यक्षबाईंनी बुटात हात घालून बघितलं. आत दोन जाड सोल आणि पुढे, बोटांच्या जागी, घट्ट दाबून भरलेला कापडाचा बोळा. त्यांनी तो बाहेर ओढला आणि उलगडला. मुंगीच्या तान्हेपणीचं झबलं. मी ते फेकायचं म्हणून कधी काढलं नव्हतं, आणि मापात अगदी बसलं होतं. तोंडावरचा हात काढून मुंगी म्हणाली, ‘माझं आहे ते.’

यापुढे कुणी काही विचारलं नसतं तरी चाललं असतं. पण डावीकडच्या सदस्यांनी विचारलंच. आवाज वाईट नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. म्हणाले, ‘बाई, पुरुष नाही हे कळलं. पण लोक आम्हाला विचारतात, घर मोडलं त्यांना जास्त का द्यायचं? काय सांगायचं आम्ही?’

उत्तर मी तयार केलेलं नव्हतं. म्हटलं, ‘रुग्णालयाची लिफ्ट आत घेताना विचारत नाही की तुम्ही आजारी कशाने पडलात. दार लावते आणि वर नेते. ते विचारायची जागा वेगळी असते, आणि तिथे विचारायला माणूस लागतो.’ ते मान हलवत राहिले. पटलं की नाही, ते कळलं नाही.

अध्यक्षबाईंनी अधिकाऱ्यांना एवढंच विचारलं की वाकायला काय झालं होतं. मग निकाल सांगितला. कंपनीला कर्मचाऱ्याच्या मापाचे बूट देण्याबाबत पत्र जाईल असंही सांगितलं. मी बूट घालत होते तेव्हा त्यांनी विचारलं, ‘तळ बघितला का, हे तुम्हाला कुणी शिकवलं? या दालनात पूर्वी एक जण हे विचारायचे. सगळे त्यांना टाळायचे.’

मी म्हटलं, माझ्या वडिलांनी.

बाहेर जहाजवाली जिन्याच्या कठड्याला टेकून उभी होती. मी पुढे जाणार होते. ती माफी मागेल असं वाटलं नव्हतं, आणि तिने मागितलीही नाही. म्हणाली, ‘मला वाटलं, हिला घरात माणूसही आहे आणि साडेसहाची जागाही. मला म्हणे माणूस आहे. वर्षातले आठ महिने तो पाण्यावर.’ बेकरीत पहाटेच्या कामाला होती ती. मुलं नऊच्या आत पाळणाघरात घेत नाहीत, म्हणून सोडावं लागलं. मी बेकरीचं नाव विचारलं नाही, पाळी कधी सुरू होते ते विचारलं. सातला. माझ्याइतकीच.

मुंगीने झोपेपर्यंत झबलं हातातून सोडलं नाही. आज बुटात वर्तमानपत्र कोंबलं आहे.

जोडीदार आठ महिने घरी नसेल तर विभाग त्याला काय धरतो? कळवा. हा प्रश्न माझ्यासाठी नाही.

मुंगीची आई


२ मे

बाबा,

तुमचं उत्तर जसंच्या तसं खाली वाचून दाखवलं. ‘अर्ध्याहून जास्त वर्ष बाहेर असलेला जोडीदार अनुपस्थित धरतात. कलम जुनं आहे. माझ्या नोकरीत ते कुणी वापरलं नाही. नवरा असलेली बाई, मी एकटी आहे, असं लिहून देत नाही. आम्हीही कधी सुचवलं नाही. सुचवायला हवं होतं.’

जहाजवालीने शेवटची ओळ मला दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, नवरा धडधाकट असताना एकटी कशी लिहू? लोक काय म्हणतील? मी म्हटलं, लोक गेली चार वर्षं माझ्याबद्दलच म्हणताहेत, त्यांनाही जरा बदल हवा. ती हसली, पण अर्ज आठवडाभर फ्रिजवर पडला होता. मग जहाजावरून नवऱ्याचाच फोन आला. तो म्हणाला, मी नसतो हे समुद्राला माहीत आहे, सरकारला कळलं तर काय बिघडतं? तिने त्याच दिवशी अर्ज भरला.

परवा मंजूर झाला. आज सकाळी आम्ही एकत्र जिना उतरलो. ती बेकरीच्या पांढऱ्या टोपीत, मी हेल्मेटमध्ये, तिच्या एका कडेवर मुंगी, कारण माझ्याकडे पिशवी होती, आणि तिची दोघं पुढे एकमेकांना ढकलत. जिन्यात कुणीतरी दार किलकिलं करून बघितलं. जहाजवाली म्हणाली, ‘बघा बघा. दोन पुरुष निघालेत.’ मग मला म्हणाली, तू जरा सरळ चाल गं, लांबूनच ओळखू येतेस.

स्टोअरकीपरने कामावर विचारलं, आता नवरे असलेल्यांनाही का? मी हो म्हटलं. हे परवाचं. आज तोच हळूच येऊन विचारत होता, बायको परिचारिकेच्या प्रशिक्षणासाठी सात महिने परगावी असेल तर ते कलम लागतं का. कुणासाठी विचारतोस म्हटलं, तर एका मित्रासाठी म्हणाला. उस्ताद म्हणाले, त्या मित्राला सांग, आधी स्वतःचा डबा भरायला शिक.

सहा नंबरचे बूट मागवल्याचं कंपनीने कळवलं आहे. कागदावर आले आहेत, पायात यायचे आहेत.

मुंगी विचारते, बूट उलटायला सांगणारा माणूस कसा दिसतो. मी वर्णन केलं, तिला ते अपुरं वाटतं. तुम्ही येऊ शकता. चार जिने चढावे लागतील. लिफ्टवाल्या बाईच्या इमारतीला लिफ्ट नाही, यावर इथे सगळे विनोद करून दमले आहेत, तुम्ही नवा आणा.


२६ मे

बाबा,

तुमची गाडी वेळेवर पोहोचली असेल. घरी काही गोष्टी बोलायच्या राहिल्या, त्या लिहिते. बोलण्यापेक्षा लिहिणं मला जमतं, हे आता तुम्हाला माहीत आहे.

पहिल्या संध्याकाळी तुम्ही विचारलंत, कडी कशी निघाली होती. मी सगळं सांगितलं. चहा निवला. मग उठलात, माझ्या दारापाशी गेलात, कडी सरकवून बघितलीत, स्क्रू एकेक दाबून बघितलेत आणि म्हणालात, ‘चांगली बसवली आहेस.’ मी चहा परत गरम करायला घेतला. उत्तर आता देते. हो, चांगली बसवली आहे.

दुसऱ्या दिवशी मुंगीच्या वेण्या तुम्ही घातल्यात. भांग वाकडा आला. तुम्ही तिला पाळणाघरात सोडायला गेलात आणि संध्याकाळी मी आणायला गेले, तर ताई, स्वयंपाकीण, झाडणारी, सगळ्या एका सुरात. काय हो तुमचे वडील, किती करतात नातीचं! मी म्हटलं, खरंच करतात. एरवी रोज त्याच वेण्या मी घालते, हे मी बोलले नाही. मुंगी बोलली. ताईंनी जीभ चावली. आज सकाळी त्यांनी माझ्या वेण्यांचंही कौतुक केलं, जरा जास्तच.

जहाजवालीने तुमच्याबद्दल विचारलं, आता खराच पुरुष आलाय, तर तक्रार करू का? मी म्हटलं, अर्ज कसा लिहायचा ते त्यांनाच विचार.

तुम्ही निघताना दारात थांबलात आणि काहीतरी म्हणणार होतात. खाली रिक्षावाला ओरडत होता. म्हणायचं राहिलं ते कार्डावर लिहा. क्रमांक घातलेत तरी चालेल.

आणखी एक. घरात घालायच्या चपला तुम्ही इथेच विसरलात. टपालाने पाठवत नाही. दाराशी माझ्या बुटांशेजारी ठेवल्या आहेत. सात नंबर आहेत, बुटांपुढे लहान दिसतात.

मी त्या उलटून बघितल्या. दोन्ही टाचा बाहेरच्या कडेला झिजल्या आहेत.

तुमचं बदक